डोंगरउतारावरची सिराह, वीस वर्षं टिकणारी लाल वाईन आणि आपला बालाघाट

वाळूजकर
मंडळी, मागं एका गप्पांच्या धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं की वाईन जितकी जुनी तितकी चांगली हे खरं का. तिथं उत्तर लिहायला घेतलं अन् लांबतच गेलं म्हणून वेगळा धागा काढतोय. थोडक्यात उत्तर: नाही. दुकानात मिळणारी बहुतेक वाईन दोन-तीन वर्षांत पिऊन टाकायची असते, कपाटात ठेवून तिचं भलं होत नाही. पण काही वाईन अशा असतात की लवकर उघडल्या तर पैसे पाण्यात, आणि त्यातली माझी सगळ्यात आवडती म्हणजे फ्रान्समधल्या उत्तर रोन खोऱ्यातली सिराह. आपल्याकडं बाटलीवर शिराझ लिहिलेलं असतं तेच द्राक्ष.

कंपनीनं काही काळ लिऑनला टाकलं होतं, मशीनच्या कमिशनिंगला. लिऑनहून गाडी काढून नदीच्या कडेकडेनं दक्षिणेला गेलं की अर्ध्या-पाऊण तासात आंप्वी नावाचं गाव लागतं. खाली रोन नदी, रस्ता, रेल्वेची लाईन आणि गावाच्या डोक्यावर एकदम भिंतीसारखा उभा डोंगर, अन् त्या डोंगरावर द्राक्षबाग. हे कोट-रोटी. आपल्याकडं बाग म्हणलं की मांडव नाहीतर वाय आकाराचे लोखंडी अँगल, तारा, सगळं ताणून बसवलेलं. इथं प्रत्येक वेलाला आपला एक लाकडी खांब, अन् शेजारशेजारचे दोन खांब वर टोकाला एकमेकांकडं वाकवून बांधलेले, कारण मिस्ट्राल नावाचा उत्तरेचा वारा सुटला की एकटा खांब टिकत नाही. मधे बिनचुन्याच्या दगडी ताली, दोन तालींमधे कुठं चार ओळी तर कुठं एकच. ट्रॅक्टर वर चढायचा प्रश्नच नाही. वरती विंच बसवून केबलनं नांगर ओढतात, मागं माणूस नांगर धरून. मोठा पाऊस झाला की माती खाली उतरते, ती गोळा करून परत वर न्यायची, हे शतकानुशतकं चाललंय.

तिथून अजून खाली नदीच्या डाव्या काठाला ताँ नावाचं गाव आहे, त्याच्या मागं एकच डोंगर, दक्षिणेला तोंड करून बसलेला, माथ्यावर छोटं चॅपल. हा एर्मिताज. अख्खं नाव, अख्खी कीर्ती त्या एका टेकाडावर, साधारण १४० हेक्टर, म्हणजे साडेतीनशे एकर धरा. आपल्या एका बऱ्यापैकी गावाचं शिवार यापेक्षा मोठं असतं. गोष्ट अशी सांगतात की १३ व्या शतकात एक सरदार लढाईला कंटाळून त्या डोंगरावर एकांतात राहिला, नाव त्यावरून पडलं. शाव नावाचं घराणं १४८१ पासून त्या भागात द्राक्ष करतंय. आपल्याकडं तेव्हा बहमनी होते.

अन् तिसरं कोर्नास, पलीकडच्या काठाला, अजून दक्षिणेला. वाऱ्यापासून आडोशाला, ग्रॅनाईटचा डोंगर, आणि नियम एकदम कडक, लाल वाईन ती फक्त सिराहचीच. एर्मिताजमधे लाल वाईनमधे १५ टक्क्यांपर्यंत पांढरी द्राक्षं चालतात, कोट-रोटीत २० टक्क्यांपर्यंत व्हियोनिए नावाचं पांढरं द्राक्ष, तेही सोबत एकाच टाकीत आंबवायचं.

या तिन्हीतली चांगल्या वर्षाची बाटली ताजी ताजी उघडली तर तोंड आक्रसून येतं, काळसर जांभळा रंग, काळी मिरी, ऑलिव्ह, धुरी दिलेल्या मटणासारखा वास. मग काही वर्षं ती गप्प बसते, वासच देत नाही, लोक म्हणतात बाटली बंद झाली. आणि १५-२० वर्षांनी जे उघडतं ते वेगळंच, चामडं, ओली पानं, शिकारीच्या मटणाचा वास, तोंडात मऊ. सगळ्यांना आवडेलच असं नाही हेही सांगून ठेवतो, माझ्या मेव्हण्यानं एक घोट घेऊन विचारलं, खराब झालीय का?

हुर्डापार्टी
लई भारी लिहिलंय साहेब. पण मी एका व्हिडिओत ऐकलं की तिथं ६० अंशाचा उतार आहे. ६० अंशावर माणूस उभा कसा राहतो बे?

ओव्हरसीयर
६० अंश नाही, ६० टक्के. म्हणजे १०० मीटर आडवं गेलं की ६० मीटर वर. अंशात मोजलं तर साधारण ३१. व्हिडिओवाले टक्क्याचं अंश करून टाकतात अन् लाईक मिळवतात. ३१ अंश पण काही कमी नाही, आपल्या मांजरसुंब्याच्या घाटात रस्त्याकडंच्या कडेवरून खाली उतरून बघा, मग कळंल पाटी डोक्यावर घेऊन चढणं काय असतं. आमच्याकडं समतल चर मारतानासुद्धा एवढा उतार असला की मशीन लावत नाहीत.

खरडछाटणी
नमस्कार वाळूजकर. आम्ही तुळजापूर भागातले, घरची बाग आहे, खायच्या द्राक्षाची, थॉम्सन अन् थोडी माणिक चमन. मला प्यायचं काई नाही, पण शेतीचं विचारतो. एकरी माल किती घेतात ते लोक? अन् कामून इतका त्रास करायलेत, खाली नदीकाठी सपाट जमीन पडली असंल की. आमच्या बालाघाटाच्या उतारावर मुरमाड बरड आहे, तिथं कुसळाशिवाय काई येत नाही, तिथं ही सिराह लावली तर जमंल का? सिरीयस विचारतोय, थट्टा नाही.

वाळूजकर
@खरडछाटणी, दादा, तुमचाच प्रश्न येईल म्हणून वाट बघत होतो.

माल: कोट-रोटी अन् एर्मिताजमधे नियमानं हेक्टरी ४० हेक्टोलिटरची मर्यादा, म्हणजे ४००० लिटर. एकरात बसवलं तर साधारण दोन-सव्वादोन टन द्राक्ष. तुम्ही एक्सपोर्टचा थॉम्सन आठ-दहा टन काढता. अन् हे दोन टन काढायला मजूर मात्र तुमच्या कितीतरी पट, कारण फवारणीपासून तोडणीपर्यंत सगळं पाठीवर.

सपाटी सोडून वर का गेले: आंप्वी, ताँ हे सगळं ४५ अक्षांशावर. सप्टेंबरात दुपारी बाराला सूर्य डोक्यावर नसतोच, निम्म्यावर असतो. सपाट जमिनीवर ऊन तिरपं पडतं. दक्षिणेकडं झुकलेल्या ३० अंशाच्या उतारावर तेच ऊन जवळजवळ सरळ पडतं. म्हणून तिथं द्राक्ष पिकतं, नाहीतर सिराह त्या थंडीत कच्चीच राहिली असती. दुसरं, माती नावाला, खाली फुटलेला ग्रॅनाईट नाहीतर अभ्रकाचा खडक, पाणी थांबत नाही, मुळ्या भेगांतून खोल जातात. वेल उपाशी, घड छोटे, मणी छोटा, सालीचं प्रमाण जास्त. रंग अन् टॅनिन (तोंड आवळणारा तुरट पदार्थ) सगळं सालीत असतं. वाईन टिकते ती या टॅनिन अन् आंबटपणाच्या जिवावर. बाटलीत टॅनिन अन् रंगाचे कण एकमेकांना धरत जातात, मोठे होतात, जड होऊन तळाला बसतात, म्हणून जुन्या बाटलीत गाळ असतो अन् चव मऊ होते.

आता बालाघाट. इथं गणित उलटं आहे. तिथं फळ पिकत जातं तसे दिवस थंड होत जातात, आंबटपणा टिकतो. आपल्याकडं ऑक्टोबर छाटणी केली की मणी डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत वाढतो अन् फेब्रुवारी-मार्चमधे ऊन तापायला लागतं तेव्हा पिकतो. साखर धडाधड वर, आंबटपणा धडाधड खाली, पीएच वर. पीएच वर गेलेली सिराह रंग पण धरत नाही अन् टिकत पण नाही, मग वायनरीत टार्टरिक ॲसिड घालत बसा. म्हणजे आपल्याला दक्षिणेचा उतार नकोच, ऊन कमी आहे म्हणून इथं कुणी रडत नाही. आपल्याला पाहिजे उंची, उत्तर नाहीतर पूर्व उतार, दुपारची सावली, अन् छाटणी लवकर.

खरडछाटणी
हे पटलं. पण छाटणी लवकर म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबर, अन् तेव्हा पाऊस. डाऊनी (केवडा रोग) घेऊन बसंल. मागच्या साली पावसात आमच्याकडं घडकूज झाली तेव्हा फवारणीचा खर्च काय झाला ते मला विचारा.

दिंडोरीचा जावई
नाशिककडं वाईनची द्राक्षं सप्टेंबरात छाटतात अन् जानेवारी-फेब्रुवारीत तोडतात, हा हिशोब तिथं बसलाय. वाईनच्या जातींचा घड टेबलाच्या (खायच्या) घडासारखा जीएनं, म्हणजे जिब्रेलिक ॲसिडनं, फुगवलेला नसतो, हवा खेळते. तरी डाऊनीचा धोका राहतोच. ज्यावर कलम करायचं तो खुंट बघा, डॉगरिज खुंटावर जोर फार येतो, वाईनवाले ११० आर घेतात. सगळ्यात आधी करार बघा. २००१ ला राज्याचं वाईन धोरण आल्यावर आमच्या सासुरवाडीत धडाधड वाईनची द्राक्षं लावली होती, मग २००९-१० च्या सुमारास उठावच थांबला, एका वायनरीनं आमचा माल वजन करून घेतला अन् पैसे द्यायला दोन हंगाम लावले. सासऱ्यांनी शेवटी बाग काढून परत थॉम्सन लावला. टेबलाचं द्राक्ष हे व्यापारी नाही आला तर बेदाणा करता येतं. सिराहचा बेदाणा कोण घेईल, आत बी असतं.

पांढरीचा पाटील
वा वा. मराठवाड्यात प्यायला पाणी नाही, २०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी आणलं, अन् इथं दारूच्या बागांच्या चर्चा. चालू द्या.

लातूरची सून
@पांढरीचा पाटील, काका, त्या वर्षी मिरजेहून आलेल्या जलदूतचं पाणी आम्ही भरलंय, त्यामुळं बोलायचा हक्क आम्हालाच जास्त. पाणी कोणतं पीक प्यायलं ते लातूरच्या कोणत्याही शेंबड्या पोराला माहितीय, ऊस प्यायला. द्राक्षाला ठिबक. आणि वाळूजकरांनी लिहिलंय त्या भागात तर द्राक्षाला पाणी द्यायची पद्धतच नाही ना? दारू प्यावी का न प्यावी हा वेगळा विषय, त्याचा वेगळा धागा काढा, मी तुमच्या बाजूनंच लिहीन.

वाळूजकर
ताई बरोबर. तिथं पावसावरच बाग, पाणी देण्यावर नियमांची बंधनं. अर्थात त्यांना वर्षभर विखरून पाऊस पडतो, आपल्यासारखा चार महिन्यांत उरकत नाही, त्यामुळं तीच पद्धत इथं आणली तर वेल वाळून जाईल. पण उतारावर पाणी अन् माती अडवायची अक्कल दोन्हीकडं सारखीच लागते. आपल्या जालन्याचं कडवंची बघा, पाणलोटाचं काम झालं, बांध-बंदिस्ती झाली अन् मग शेततळी अन् द्राक्षबागा उभ्या राहिल्या.

कदीम जालना
कडवंचीचं नाव घेतलं म्हणून लिहितो नाहीतर आम्ही वाचनमात्र. तिथनं माल जातो तो खायच्या द्राक्षाचा. तिथल्या माणसाला तुम्ही म्हणलात की एकरी दोन टन घ्या अन् २० वर्षं थांबा तर तो तुम्हाला चहा पाजून वाटे लावील. हे फ्रान्सवाल्यांना तरी परवडायचं का पहिल्यापासून?

वाळूजकर
@कदीम जालना, हाच तर मुद्दा आहे, अन् खरं सांगायचं तर मला या धाग्यात तेच लिहायचं होतं, वास-बिस नंतर.

नव्हतं परवडत. १९ व्या शतकात एर्मिताजचं नाव एवढं होतं की फ्रान्समधल्याच बोर्दो या दुसऱ्या वाईनच्या भागातले व्यापारी आपल्या पातळ वर्षांच्या वाईनमधे एर्मिताज मिसळायचे, अन् ते लपवून नाही, भाव वाढवून विकायचे. मग फिलॉक्झेरा आला, मुळं खाणारी कीड, बागा बसल्या. मग पहिलं महायुद्ध, डोंगर चढणारी पोरंच राहिली नाहीत. नंतर खाली कारखाने आले, पगार आले, पोरं म्हणाली कशाला खांब वाहायचे. कोट-रोटीच्या भागात लोक भाजीपाला अन् जर्दाळू करायचे कारण त्याला रोकड पैसा होता. १९७० च्या आसपास कोट-रोटीत शंभर हेक्टरसुद्धा लागवड उरली नव्हती. आज ३०० च्या वर आहे. शेजारच्या कोंद्रियूमधे व्हियोनिएची तर त्याहून वाईट गत होती.

फिरलं कसं? गिगाल नावाच्या घराण्यानं एकेका उताराची वाईन वेगळी काढायला सुरुवात केली, ला मूलीन १९६६ ची पहिली, ला लांदोन १९७८ ची, ला तुर्क १९८५ ची. नव्या ओकच्या पिंपात साडेतीन वर्षं. अमेरिकेतल्या समीक्षकांनी डोक्यावर घेतलं, भाव चढले, अन् भाव चढल्यावर पडीक ताली लोकांनी परत बांधल्या. आधी भाव, मग दगड. जाबूले घराण्याची १९६१ ची एर्मिताज, ला शापेल नावाची, आज लिलावात लाखांत जाते, पण ती काढली त्या साली काढणाऱ्याला त्यातलं काई मिळालं नसणार हे उघड आहे.

म्हणून बालाघाटाच्या बरडावर कुणी उद्या सिराह लावली अन् ती उत्तम आली तरी १५ वर्षं बाटली कोण सांभाळणार, व्याज कोण भरणार, अन् १५ वर्षांनी ती घ्यायला गिऱ्हाईक कुठून येणार, हे आधी. सोसायटीचं पीककर्ज ३६५ दिवसांत फिरवावं लागतं राव.

हुर्डापार्टी
शेवटचं वाक्य फ्रेम करून बँकेत लावलं पाहिजे.

गुलमंडी
शेतीचं झालं, आता खायचं बोला. मी संभाजीनगरचा, घरी नान खलिया (मटणाचा रस्सा अन् नान) होतोच. याच्यासोबत चालंल का ही वाईन? मी एकदा देशी शिराझ नेली होती, तिखटानं जिभेला अजून आग लागली.

वाळूजकर
तिखट अन् तरुण टॅनिन यांचं जमत नाही, अल्कोहोल पण तिखटाला भडकवतं. मराठवाडी काळ्या मसाल्याच्या झणझणीत रश्श्यासोबत तर नकोच, त्याला ताक बरं. खलिया त्यामानानं मसाल्याचा आहे, मिरचीचा नाही, हळद, गरम मसाला, तर्री कमी घेतली तर मुरलेली सिराह त्याच्यासोबत फार छान जाते. नुसतं भाजलेलं मटण, कबाब, शीग, हे सगळ्यात सोपं. आणि बाटली उकाड्यात ठेवून मारू नका, रूम टेंपरेचर म्हणजे तिकडची रूम. मे महिन्यात आपल्या खोलीत ३५ असतं. फ्रिजमधून काढून १६-१७ ला आणा.

मिरीमसाला
सगळे म्हणतात काळी मिरी काळी मिरी. मी कितीदा वास घेतला, मला काई म्हणता काई मिरी लागत नाही. माझंच नाक खराब आहे का लोक फेकतात?

वाळूजकर
दोन्ही नाही. त्या वासाचा रेणू आहे, रोटंडोन. ऑस्ट्रेलियातल्या वाईन संशोधन संस्थेनं २००८ मधे तो शिराझमधे दाखवून दिला, आपल्या खऱ्या काळ्या मिरीत पण तोच असतो. त्याच लोकांना असं सापडलं की साधारण पाचातल्या एका माणसाला तो कळतच नाही, कितीही घातला तरी. तुम्ही बहुतेक त्या पाचव्यातले. थंड जागी पिकलेल्या सिराहमधे तो जास्त, तापलेल्या जागी कमी, म्हणून देशी बाटलीत मिरी कमी अन् जांभूळ-जॅम जास्त लागतं.

निवृत्त तलाठी
मजा आली वाचून. एक शंका. आमच्या औसा भागातल्या जुन्या वाड्यात पेव आहे, धान्याचं, आता रिकामंच. उन्हाळ्यात आत उतरलं की गार लागतं. मुलगा परदेशातून दोन बाटल्या घेऊन आलाय, त्याच कोर्नास का काय. पेवात ठेवल्या तर वीस वर्षं टिकतील का? मी तोवर नसेन, पण नातू पिईल.

ओव्हरसीयर
काका, पेवात तापमान एकसारखं राहील हे खरं. पण जमिनीखाली खोलवर गेलं की तापमान त्या गावच्या वर्षभराच्या सरासरीवर येऊन थांबतं. रोन खोऱ्यात ती सरासरी १२-१३, म्हणून तिकडच्या तळघरात एसी लागत नाही. औशाला ती २५-२६. उन्हातून उतरलं म्हणून गार वाटतं एवढंच.

वाळूजकर
ओव्हरसीयरनी माझं काम केलं. २५ ला वाईन मरत नाही, पण लवकर म्हातारी होते, २० वर्षांचं काम सात-आठात उरकते अन् नीट उरकत नाही. शिवाय रिकाम्या पेवात कुबट वायू साचलेला असतो, आधी कंदील सोडल्याशिवाय कुणाला उतरवू नका, वाईन गेली चुलीत. घरात जास्तीचा छोटा फ्रिज असेल तर १२-१३ वर ठेवा, बाटली आडवी, बूच ओलं राहिलं पाहिजे, उजेड नको. एक वर्षी मी एका दुकानातून बाटली घेतली, ती काचेच्या शोकेसमधे उन्हात ठेवलेली होती, बूच दोन मिलिमीटर वर आलेलं. तसं दिसलं की घेऊच नका, आत शिजलेलं असतं.

बाटलीवर साल कोणतं आहे?

निवृत्त तलाठी
२०१५ आणि २०१७. चष्मा लावून वाचलं. आणि पेवात कंदील सोडायचं आम्हाला माहितीय, आमचे वडील सोडत.

वाळूजकर
मग २०१५ ची आता उघडा काका, ते तिकडं गरम, भरगच्च वर्ष होतं, आत्ताच देईल. आदल्या दिवशी उभी करून ठेवा म्हणजे गाळ तळाला बसंल. बूच काढलं की काचेच्या जगमधे हळू ओता, बाटलीच्या मानेमागं मोबाईलचा टॉर्च धरा, काळी रेघ मानेपाशी आली की थांबायचं, तळाचं अर्धा पेला सोडून द्यायचं. २०१७ ची फ्रिजात.

खरडछाटणी
तलाठी काका, उघडाल तेव्हा सांगा, मी पीत नाही पण वास घ्यायला औशाला येतो, तासाभराचा रस्ता आहे. अन् वाळूजकर, ११० आर वर सिराहची कलमं दोन ओळी लावून बघतो म्हणायलो, विकायला नाही. वरच्या बरडावर, पूर्वेच्या बाजूला. ठिबकचं सब-मेन तिथपर्यंत नाही, पाईप किती लागंल ते उद्या मोजतो.

दिंडोरीचा जावई
दोन ओळीच लावा. कलमं कुठं मिळतात ते व्यनि (खासगी निरोप) करतो.